उन्हाळ्याचा अंदाज आणि आपली मदत
(समितीच्या सर्वसाधारण सभेंत झालेलें भाषण)



आजच्या सभेंत आम्हीं हवामानावर दोन शब्द बोलावे अशी चिटणिसांची सूचना आली, तेव्हां आम्हांस थोडा संकोच वाटला. आमचा धंदा वकिलीचा. आकाशाशीं आमचा संबंध इतरांइतकाच. परंतु मदतीची झोळी घेऊन आपल्या दारीं येतांना जो एक प्रश्न आम्हांस नेहमीं आडवा येतो, त्याची उलटतपासणी एकदां भर सभेंत व्हावी, म्हणून उभे राहिलों आहों. प्रश्न असा: “पाऊस तर चांगला सांगितला आहे, मग आतां एवढी घाई कशाला?”

सन 2024 चा उन्हाळा आपण विसरला नसाल. 2023 चा पावसाळा देशभर धरून सरासरीच्या 94 टक्के झाला होता. हा आंकडा ऐकावयास वाईट नाहीं. पण त्यांतला ऑगस्ट महिना 1901 पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला, आणि आपल्या सांगोल्यासह राज्यांतील चाळीस तालुक्यांत सरकारनें ऑक्टोबरअखेर दुष्काळ जाहीर केला. उजनीचा उपयुक्त साठा पुढील जानेवारींतच संपला. अशा स्थितींत 15 एप्रिल 2024 रोजीं हवामान खात्यानें येत्या पावसाळ्यांत सरासरीच्या 106 टक्के पाऊस होईल असें भाकीत केलें. त्याच आठवड्यांत, ज्या एका सद्गृहस्थांनीं कडब्याच्या दोन गाड्या देऊं केल्या होत्या त्यांचा निरोप आला कीं, आतां पाऊस येणारच आहे, तेव्हां कडबा घरींच असूं द्या. दुसऱ्या एकांनीं वर्गणीचा आंकडा निम्म्यावर आणला.

भाकीत खोटें ठरलें असतें तर आमचें काम सोपें होतें. तें खरें ठरलें! पाऊस 108 टक्के झाला. उजनी ऑगस्टमध्यें भरली. पण ऑगस्टचें पाणी मे महिन्यांत दावणीच्या जनावरास पाजतां येत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका कोरडवाहू शेतकऱ्यानें वैशाखांत आपली खिल्लार जोडी बाजारांत नेली आणि मिळेल त्या किंमतीस देऊन तो पायीं परत आला. जूनमध्यें त्याच्या रानांत ओल झाली तेव्हां दावण रिकामी होती. पेरणीसाठीं त्यानें दुसऱ्याची औतें भाड्यानें आणलीं, व तें भाडें उसनवारीनें भागविलें. त्याच्या घरचा माणूस गेल्यासारखा तो आमच्यापाशीं बोलत होता. तीं जनावरें आम्हांस पांच आठवडे सांभाळतां आलीं असतीं तर पुरें होतें.

आपल्यांपैकीं पुष्कळांस कोर्टाची पायरी परिचयाची आहे. हुकूमनामा झाला म्हणजे रक्कम पदरांत पडली असें आपण कधीं मानतां काय? दरखास्त द्यावी लागते, बजावणी व्हावी लागते, आणि तोंवर घरखर्च चालवावाच लागतो. पावसाचें भाकीत हा फार तर हुकूमनामा होय. आणि तोही सबंध देशाच्या नांवचा, आपल्या तालुक्याच्या नांवचा नव्हे.

शास्त्राची अवहेलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. 1876-78 च्या दुष्काळानंतर हिमालयावरील बर्फ पाहून मोसमी पावसाचें भाकीत करण्याचा उपक्रम ब्लॅनफर्ड यांनीं आरंभिला, व 1886 सालीं पहिलें भाकीत प्रसिद्ध झालें. पुढें गिल्बर्ट वॉकर यांनीं दूरदूरच्या समुद्रांवरील हवेच्या दाबाचे संबंध शोधून काढले. आज उपग्रह आहेत, गणकयंत्रें आहेत. तरीही 2002 सालीं 101 टक्के सांगितलेला पाऊस 81 टक्क्यांवर थांबला, आणि 1997 सालीं प्रशांत महासागरांत जबर एल निनो असतांनाही आपल्या देशांत पाऊस सरासरीहून किंचित अधिकच पडला. लातूरकरांस तर आणखी एक तारीख सांगतां येईल. 12 एप्रिल 2016 रोजीं मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोंचली, आणि त्याच दिवशीं हवामान खात्यानें 106 टक्के पावसाचें भाकीत केलें. त्या भाकितानें गाडीची एकही खेप वांचली नाहीं.

आतां आपल्या भागाच्या उन्हाळ्याविषयीं जें भरंवशानें सांगतां येतें, तें सांगतों. त्यास भविष्यवेत्ता लागत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांवर राहतो. उघड्या तलावांतून या दिवसांत रोज सुमारें एक सेंटिमीटर पाणी नुसत्या उन्हानें उडून जातें. म्हणजे चैत्राच्या आरंभीं तलावांत तीन फूट पाणी दिसलें, तर दोन महिन्यांत त्यांतले दोन फूट कोणी न पितांच नाहींसे होतात. ज्या गांवचे लोक “अजून पाणी आहे” म्हणून स्वस्थ असतात, त्यांनीं हें गणित एकदां मांडून पाहावें. मोठ्या जनावरास या दिवसांत रोज चाळीस ते साठ लिटर पाणी लागतें. मध्यंतरीं वळीव येतो, गारा पडतात, हवा क्षणभर थंड होते; पण त्यानें विहिरीस पाझर फुटत नाहीं, उलट उघड्यावरची कडब्याची गंजी भिजून काळी पडते. मृग वेळेवर बरसला तरी जनावराच्या तोंडांत येण्याजोगें गवत व्हावयास महिना लागतो. आणि आपल्या जिल्ह्याचा खरा पाऊस सप्टेंबरांतला, उत्तरा-हस्ताचा, हें येथील जमीनदारांस आम्हीं सांगावें असें नाहीं.

म्हणून समितीनें एक ठराव केला आहे. यापुढें मदतीची मागणी एप्रिलचें भाकीत निघाल्यावर करावयाची नाहीं. ती गुढीपाडव्यापूर्वीं पुरी करावयाची. शाळूची मळणी झाली कीं कडबा स्वस्त असतो, वैशाखांत तो महाग होतो. हा व्यवहार व्यापारी मंडळींस आमच्याहून अधिक कळतो. पाऊस वेळेवर झाला आणि कडबा उरला, तर कोरडा राखल्यास तो पुढील सालीं उपयोगीं पडेल. रोख शिल्लक पेढींत समितीच्या नांवें राहील, आणि तिचा जमाखर्च दरसाल असाच छापून आपल्या हातीं देण्यांत येईल.

ज्यांस रोख रक्कम देणें सोयीचें नसेल त्यांनीं पेंढ्या द्याव्या. संख्या चिटणिसांकडे कळवावी; वाहतुकीचा खर्च समिती सोशील. ज्यांच्या मळ्यांतील विहिरीस उन्हाळ्यांतही पाणी टिकतें, त्यांनीं दिवसांतून किती घागरी किंवा किती टँकर देतां येतील तें आजच लिहून द्यावें. गंजीवर घालावयास पत्र्याचें छप्पर अद्याप मिळालेलें नाहीं. त्यासाठीं नांव घालणारा कोणी या सभेंत असेल, तर वही टेबलावर उघडी आहे.