पोटुशी, मोत्या आणि मोकळी वाट
(राजगुरुनगर येथे बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, मी पोटुशी असताना पहाटे मोत्याला घेऊन भीमेकाठी जाई. रस्त्यावरून उचलून आणलेलं जखमी पिल्लू ते, लस टोचून वाढवलेलं. सासूबाई म्हणत, "पोटुशीनं कुत्र्यामागं धावू नये." चाकणच्या कारखान्यात पाळीभर उभं राहताना मात्र कुणी अडवलं नाही!

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय, डॉक्टरांची मनाई नसेल तर गर्भवतीनं आठवड्याला किमान १५० मिनिटं झेपेल असा व्यायाम करावा. पोट वाढलं तसं मी धावणं सोडलं, चालणं नाही. मोत्या ओढायचा, म्हणून साखळी मनगटाला गुंडाळली नाही.

तो सोबत असला की वाटेत कुणी टोमणे मारत नसे. पण बायांनो, आपल्याच गावात मोकळं चालायला बाईला कुत्र्याची राखण का लागावी?