वाढत्या अंगाची स्की



शाळेत आपला गणवेश वाढत्या अंगाचा शिवत. चाळिशीत मिनेसोटातल्या तळ्यावर वॉटर स्कीइंग शिकताना मी स्कीही तशीच घेतली: अरुंद, स्पर्धेची, पुढे वेग वाढेल म्हणून. उन्हाळाभर आपटले, सोडूनच देणार होते.

मग रुंद स्की घेतली. ती कमी वेगातही तोलून धरते, पाण्यातून लवकर वर आणते. स्की आजच्या वजनाला आणि आजच्या वेगाला जुळणारीच घ्यावी. बूट घट्ट हवा, पण पडताना पाय सुटायला हवा. बोट मधोमध इंजिन असलेली, मागे लहान लाट उठवणारी बरी. मी क्लबचीच वापरते.

स्लॅलमचे सहा बोये अजून पुरे झालेले नाहीत. पण बाई, सहलीत नदीकाठीच बसून राहणारी ती मुलगी आता पाण्यावर उभी राहते!