न्हाणीजवळचं लिंबू

आज बोलायचंय लिंबाच्या झाडाबद्दल. खायचं लिंबू हं, कडुनिंब नव्हे.

आपल्या शहाद्याकडच्या गावांत फिरताना मी बघते, लिंबाचं झाड बहुतेक घरी एकाच जागी असतं. न्हाणीच्या मागे, जिथे सांडपाणी जातं तिथे. वेगळं पाणी घालायला नको, हा हिशेब. माझ्या सासूबाईंनीही तिथंच लावलं होतं. चार वर्षं झाड छान वाढलं. पाचव्या वर्षी पहिल्यांदा फळांनी डहाळ्या वाकल्या, आणि भर पावसाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. सासूबाईंना वाटलं, झाड तहानलंय. त्यांनी रोज दोन बादल्या जास्त ओतल्या. पोळ्यापर्यंत झाड वाळलं.

मग आम्ही ते उकरलं. बुंध्यावर डिंक ओघळलेला, त्याखालची साल कुजलेली. बारीक मुळं काळी पडलेली, ओढली की त्यांचं साल हातात यायचं. या रोगाला डिंक्या म्हणतात. ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरशीने तो होतो. झाड पाण्यातच उभं होतं, पण मुळं कुजल्यावर ते पाणी पिणार कशाने? वरून ते तहानलेलंच दिसतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो.

तापी-गोमाईच्या काठची आपली काळी जमीन कापसाला, उसाला चांगली. पण ती पाणी धरून ठेवते, आणि लिंबाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. तेव्हा लावण्याआधी एक करा. हातभर खोल खड्डा खणा, संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओता आणि सकाळी बघा. पाणी तसंच साचलेलं असेल तर तिथे लिंबू लावू नका. दुसरी जागा नसेल तर त्याच जागी मुरूम, नदीची रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळून दीड-दोन फूट उंच ढीग करा आणि झाड त्या ढिगावर लावा. न्हाणीचं पाणी मात्र लांब वळवा. ते केळीला चालेल, अळूला चालेल.

आता पाणी कसं द्यायचं? आपण बुंध्याभोवती खळगा करतो आणि त्यात ओततो. ते चुकतं. बुंध्याजवळ मातीची भर हवी, आणि त्याच्या बाहेर, जिथपर्यंत फांद्यांची सावली पडते तिथे, गोल आळं हवं. बारीक मुळं तिकडेच असतात आणि बुंधा कोरडा राहतो. याला दुहेरी आळं म्हणतात. पावसाळ्याआधी बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळ्या मडक्यात किंवा प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा आणि मग एकत्र करा. लोखंडी भांडं नको. स्वच्छ घासलेला खिळा त्यात बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. केलेलं त्याच दिवशी वापरा. आणि मुलं जवळ येऊ देऊ नका, मोरचूद विषारी असतं.

रोप कुठून आणायचं, याची मोठी किंमत आमच्या गटाने मोजलीय. एका फिरत्या विक्रेत्याने टेम्पोतून रोपं आणली होती. 'विदेशी लिंबू, बी नाही, बारा महिने फळ.' रंगीत फोटो दाखवला. गटाच्या बचतीतून आम्ही ४० रोपं घेतली, प्रत्येकी १८० रुपयांना. ७२०० रुपये. निम्मी पहिल्याच उन्हाळ्यात गेली. जी जगली त्यांतल्या बऱ्याच झाडांना चौथ्या वर्षी मोठी, खडबडीत सालीची, रसाला कमी फळं लागली. ती जंबेरी होती. कलम जंबेरीच्या खुंटावर बांधलेलं असतं. वरचं कलम मरतं, खालून खुंटाचे फुटवे येतात आणि आपण आनंदाने त्यांनाच पाणी घालत बसतो. कलमाच्या सांध्याखाली आलेला फुटवा लगेच काढायचा असतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ज्या ताईंनी गटात हा प्रस्ताव मांडला होता त्या पुढचे तीन महिने बैठकीला आल्या नाहीत. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं, कारण त्यांच्याबरोबर हात तर आम्ही सगळ्यांनीच वर केला होता.

खरं म्हणजे आपल्या कागदी लिंबाला कलमाची गरजच फारशी नसते. त्याच्या एका बीतून दोन-तीन अंकुर येतात, आणि त्यांतले बहुतेक थेट आईच्या गुणाचे असतात. आंब्याची कोय लावली तर काय येईल याचा भरवसा नसतो, लिंबाचं तसं नाही. तेव्हा गावातलं भरपूर लागणारं, रसदार, निरोगी झाड शोधा. त्याचं पिवळं झालेलं फळ घ्या. बिया धुवा, सावलीत जराशा कोरड्या करा आणि दोन-चार दिवसांत अर्धा इंच खोल पेरा. फार वाळल्या तर उगवत नाहीत. एकसारखे दिसणारे अंकुर ठेवा, वेगळा आणि किडकिडीत काढून टाका. फळाला चार-पाच वर्षं लागतील. घाई असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साई सरबती किंवा फुले सरबती या जातींची रोपं सरकारमान्य रोपवाटिकेतून घ्या, आणि पावती घ्या. कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून जा.

कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते, हात लावला की नारिंगी शिंगं काढते. घाबरू नका, सकाळी हाताने वेचा. शेजारच्या कढीपत्त्यावरही बघा, तिला तोही आवडतो.

ड्रॅगन फ्रूटबद्दल बऱ्याच जणी विचारतात. पलीकडे गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला 'कमलम' नाव दिलं. विदेशी म्हणून मी नाक मुरडत नाही. आपली पपई आणि मिरचीसुद्धा अमेरिकेतूनच आली. हा वेल निवडुंगाच्या जातीचा, आपण घरी लावतो त्या ब्रह्मकमळाचा नातेवाईक. आमच्याकडे एका खांबावर एक आहे. पहिलं फूल उमललं त्या रात्री आम्ही चौघी टॉर्च घेऊन जाग्या होतो, ब्रशने पराग लावायला. मजा आली. फळ मात्र मला पाणचट लागलं. मे महिन्यात ४३ अंशांत त्याच्या फांद्या करपतात, वर जुनी साडी बांधावी लागते. हौसेला एक खांब लावा, कर्ज काढून लावू नका.

लिंबाचं तसं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये एक लिंबू दहा रुपयांना गेलं, आठवतं ना? उन्हाळ्यात फळ हवं तर फूल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यावं लागतं, म्हणजे हस्त बहार. त्यासाठी आधी झाडाला थोडा ताण बसावा लागतो. पाऊस चालू राहिला तर आपलं काही चालत नाही. पण ढिगावरचं झाड लवकर कोरडं होतं, त्याला ताण बसू शकतो. न्हाणीमागच्याला तो कधीच बसत नाही.

यंदा आमचा गट बियांपासून रोपं करणार आहे, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत. त्या ताईंच्या अंगणातलं जुनं लिंबू गावात सगळ्यात रसाळ आहे, म्हणून बिया त्यांच्याकडूनच मागितल्या. सोमवारी त्या स्वतः घेऊन आल्या, ओल्या फडक्यात बांधून.