भिंतीवरची पंचगंगा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला दिलेली दोन मिनिटं मी आपल्या कंपाउंडच्या भिंतीवरच बोलणार आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत पोरांनी तिथं पंचगंगा रंगवली. प्रयाग चिखलीला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि सरस्वती गुप्त म्हणून ठिपक्यांची! तिथं पाणी निळं, जयंती नाल्यापासून करडं, पुढं केंदाळ आणि पोट वर केलेले मासे. शेवटी नरसोबावाडीचा संगम.

कारखान्यांची धुराडी आली तेव्हा मी गप्पच होतो. तीस वर्षं फौंड्रीत काढलीत, बोलणार काय? पण सातवीतल्या एका मुलीनं शेजारी आपली बिल्डिंग काढली, आणि मागून नदीकडं जाणारं काळं गटार.

कमिटीत केवढा वाद! पाहुणे येणार, तेवढं गटार पुसा, अशी सूचना आली. ती माझीच होती, आज कबूल करतो. पोरगी एवढंच म्हणाली, "काका, मी खोटं काढलंय का?"

रविवारी आम्ही चौघं गटाराच्या कडेनं चालत गेलो. ते ओढ्याला मिळतं. ओढा कुठं जातो, हे शिरोलीकरांना काय सांगायचं!

गटार पुसलं नाही. यंदा आपला गणपतीही काहिलीत विसर्जित केला, निर्माल्य खताच्या खड्ड्यात गेलं. हे सोपं होतं, बरं का. सेप्टिक टाकीच्या दुरुस्तीचा विषय पुढच्या सभेत आहे आणि घरटी वर्गणी जड जाणार आहे. जेवायला जाताना भिंतीवरून एक चक्कर मारा, मग सभेत भांडू.