घरातला प्रिंटर रुसतो तेव्हा



या व्याख्यानमालेत अवंतीचा इतिहास झाला, शिंद्यांची कारकीर्द झाली. मजकडे प्रिंटरचा विषय आला, त्याला कारण आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे दिवस आले की, “काका, माडीवरचा कॉम्प्युटर खालच्या प्रिंटरवर छापीत नाही,” अशी हाक दोन-चार घरांतून हमखास येते.

बहुतेक लोक प्रथम प्रिंटर उघडून पाहतात. तो बिचारा निर्दोष असतो! आधी पाहावे ते हे की, दोन्ही यंत्रे एकाच राउटरच्या घरात आहेत काय? एक मुख्य वाय-फायवर आणि दुसरे ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल, तर ती सहसा एकमेकांना दिसत नाहीत. यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. त्याने आपला आपण घेतला आहे. आपल्या जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंतींतून वाय-फाय जेमतेम पार होते, तेथे सरळ तार ओढावी.

पत्ते ठीक असतील तर विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ हे पाहावे. पब्लिक म्हणजे धर्मशाळेतला मुक्काम. तेथे यंत्र आपले दार लावून घेते. घरी प्रायव्हेट करावे, आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू करावे.

मग पासवर्डाचा घोळ. सकाळी यंत्र उघडताना आपण चार आकडी पिन घालतो, तो दुसऱ्या यंत्रावरून चालत नाही. तेथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो. पासवर्डाशिवाय, पाहुणा म्हणून आत शिरण्याची जुनी सवय २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो मान्य करीत नाही. ‘होमग्रुप’ची सोय तर २०१८ सालीच काढली गेली, ती शोधण्यात वेळ दवडू नये. कोणी सांगेल की, ‘एस.एम.बी. १’ चालू करा, सगळे जुळेल. जुळेलही. पण २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभरची यंत्रे बंद पाडली, ती याच जुन्या वाटेने.

काल छापीत होता, आज नाही, असे झाले तर वीज गेली होती काय ते आठवावे. राउटर पुन्हा सुरू होताना प्रिंटरला नवा पत्ता देऊ शकतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारीत बसतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवावा. कागद रांगेत अडकला असेल तर ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून पुन्हा चालू करावा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. कटकट नको म्हणून मी एक फोल्डर सर्वांना पूर्ण अधिकाराने खुला केला होता. त्यात वडिलांच्या मोडी पत्रांची छायाचित्रे होती. पुतण्याने जागा करावी या सद्हेतूने आपल्या यंत्रावरून तो पुसला. मी निर्धास्तपणे रिसायकल बिन उघडला, तो रिकामा! नेटवर्कवरून पुसलेली फाइल त्या टोपलीत जात नाही, ती कायमचीच जाते, हे मला त्या दिवशी कळले. ट्रंकेतील मूळ कागदांवरून बहुतेक छायाचित्रे पुन्हा काढली. परंतु काही पत्रे मधल्या पावसाळ्यात भिजून एकमेकांस चिकटली होती, ती गेली. पुतण्या आठवडाभर माझ्यासमोर आला नाही, आणि चूक तर माझी होती.

तेव्हापासून आमच्या घरी तो फोल्डर सर्वांना केवळ वाचण्यापुरता खुला आहे, आणि त्याची एक प्रत निराळ्या डिस्कवर, कपाटात असते. ज्यांनी आपली यंत्रे बरोबर आणली आहेत त्यांनी चहानंतर मागच्या खोलीत यावे. चार्जर मात्र विसरू नये.