पर्स माझी, नक्षी कुणाची?
(बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आज मुद्दाम माझी जुनी शांतिनिकेतनी पर्स घेऊन आले आहे. कितीजणींकडे होती अशी? करा बघू हात वर! बघा, अर्ध्या सभागृहाकडे होती.

1984 साली मला नोकरी लागली. पहिला पगार देवापुढे ठेवून सासऱ्यांच्या हाती दिला. दुसऱ्या पगारातले थोडे पैसे मागे ठेवून ही पर्स घेतली, तर घरात चार दिवस अबोला! ‘पैसे घरातच असतात, मग पर्स कशाला?’ सासूबाईंचा प्रश्न बरोबर होता. तेच तर भांडण होतं. हिच्या आतल्या कप्प्यात मी दहाची एक नोट ठेवत असे. तिचा हिशेब कुणाला देत नसे.

पण हिच्यावरची ही वेलबुट्टी कुणी काढली, हे मी कितीतरी वर्षं विचारलंच नाही.

रवींद्रनाथांनी 1922 साली शांतिनिकेतनाजवळ, सुरूल इथे, ग्रामसुधारणेसाठी श्रीनिकेतन सुरू केलं. तिथे चामड्याची कलाकुसर रुजवली ती त्यांचे चिरंजीव रथींद्रनाथ आणि सूनबाई प्रतिमादेवी यांनी. प्रतिमादेवी बालविधवा, 1910 साली त्यांचा रथींद्रनाथांशी पुनर्विवाह झाला. त्या स्वतः चित्रकार होत्या. मेणाने रंग अडवून कापडावर नक्षी उमटवायची, ते बाटिक शांतिनिकेतनात आणण्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे नंदलाल बोस यांच्या कन्या गौरी भंज यांनी कलाभवनात मुलींना हे काम शिकवलं. कापडावरची ही कला चामड्यावरही उतरली. शेळी-मेंढीचं कमावलेलं कातडं ओलवायचं, त्यावर नक्षीचा ठसा दाबायचा, कुंचल्याने रंग भरायचे.

रवींद्रनाथ आपल्याला शाळेपासून ठाऊक. प्रतिमादेवी मला ठाऊक झाल्या त्या पन्नाशीत. आणि माझ्या पर्सवर रंग भरणारे हात कुणाचे, ते कधीच कळणार नाही. शांतिनिकेतनच्या चर्मवस्तूंना 2007-08 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. गावाचं नाव सरकारदरबारी लागलं, आनंदच आहे. पण कारागिराचं नाव आणि त्याची मजुरी वस्तूवर कुठे दिसते?

दुसऱ्यांना कशाला विचारू? गेल्या दिवाळीत आमच्या गटाची मोराची पिशवी सगळ्यांत जास्त खपली. मोर एकीने काढला, त्यावरून बाकीच्यांनी छापला. तिला पैसे मिळाले ते फक्त तिने शिवलेल्या पिशव्यांचे. चित्राचे पैसे कुणी धरलेच नाहीत. हिशेबाची वही माझ्याकडेच होती. तिनेही मागितले नाहीत. ‘घरी रांगोळी काढतेच की,’ म्हणाली.

घरच्या कामाला मोल नाही म्हणून आपण मोर्चे काढले. आणि आपल्याच वहीत तेच केलं!

म्हणून पुढच्या बैठकीत मी वहीत एक नवा रकाना आखणार आहे: ‘नक्षी’. त्यात तिचं नाव लिहू, दिवाळीपासूनचे पैसे चुकते करू, आणि पिशवीच्या चिठ्ठीवरही ते नाव घालू. तुम्हीही आपापल्या गटाची वही आज घरी गेल्यावर उघडून बघा.