साठीसाठी साठा किती?

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, आर्थिक सल्लागार नव्हे. तरी हा विषय मी मागून घेतला. कारण हेब्बाळच्या आपल्या मंडपात चार जण जमले की हल्ली एकच विचारपूस चालते: "चाळिशी उलटली, तुमचे किती जमले?"

फिडेलिटी या अमेरिकन कंपनीचे एक कोष्टक सध्या बरेच फिरते. तिसाव्या वर्षी एका वर्षाच्या पगाराइतकी बचत, चाळिशीला तिप्पट, पन्नाशीला सहापट, साठीला आठपट. ते वाचून काही तरुण घाबरले, तर काही उगाच निर्धास्त झाले. पण तिकडे सोशल सिक्युरिटीचे पैसे दरमहा वेगळे येतात, हे त्या कोष्टकात धरलेले आहे. आमच्या कामात दोन जागांच्या पातळ्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच बेंचमार्कवरून घ्याव्या लागतात. इथे बेंचमार्कच वेगळा.

लांब कशाला, रेल्वेच्या एकाच कार्यालयात पाहा. 1 जानेवारी 2004 च्या आधी लागलेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मे पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता. त्यानंतर लागलेल्याला एन.पी.एस. : स्वतःचे दहा टक्के, सरकारचे आधी दहा आणि एप्रिल 2019 पासून चौदा टक्के. निवृत्तीला किमान चाळीस टक्क्यांची ॲन्युइटी घ्यायची, बाकीचे हातात. एप्रिल 2025 पासून यू.पी.एस.चा पर्याय आला. त्यात पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि त्यामागे पत्नीला त्याच्या साठ टक्के. त्यासाठी साठलेला निधी मात्र सरकारच्या खात्यात सोडावा लागतो. म्हणजे दोघांच्या खात्यावर आज सारखाच आकडा दिसला तरी त्याचा अर्थ सारखा नाही.

ही निवड रेल्वेला नवी नाही. 1957 साली रेल्वेत पेन्शन योजना आली, तेव्हा जुन्या लोकांना प्रॉव्हिडंट फंडात राहण्याची मुभा होती. पुढेही वेळोवेळी पर्याय मिळाले. तरी अनेकांनी फंडच धरला. निवृत्तीच्या दिवशी मोठी रक्कम हातात, आणि पेन्शन म्हणजे महिन्याचे थोडेसे! पुढे महागाई वाढली, पेन्शन वाढत गेली, फंडाची रक्कम होती तेवढीच. आम्हालाही पेन्शन द्या म्हणून ही मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. 1990 साली, कृष्ण कुमार खटल्यात, घटनापीठाने नाही म्हटले. निवृत्तीच्या दिवशी जे पुढे दिसत होते, तेच वीस वर्षांनी मागे पडले होते.

म्हणून माझी मोजपट्टी साधी आहे. घरखर्चातून आयुष्यभर खात्रीने येणारी मासिक रक्कम वजा करा. उरलेली तूट बचतीतून किती वर्षे भागेल ते पाहा. व्याज आणि महागाई एकमेकांत गेली असे धरू. खर्च पन्नास हजार, पेन्शन शून्य, बचत साठ लाख : दहा वर्षे. खर्च तेवढाच, पेन्शन चाळीस हजार, बचत फक्त वीस लाख : सोळा वर्षांहून जास्त. मग पुढे कोण?

आपल्याकडच्या मान्यता टेक पार्कला जाणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष लक्षात घ्यावे. तुमच्या पी.एफ.मधून पेन्शनकडे वळणाऱ्या भागासाठी पगाराची मर्यादा 2014 साली पंधरा हजार ठरली. त्या हिशेबाने पस्तीस वर्षे नोकरी केली तरी महिना साडेसात-आठ हजारच बसतात. तुमचा पगार आमच्या तिप्पट असेल, पण तूट जवळजवळ सगळी तुमची तुम्हालाच भरायची आहे. नोकरी बदलली की पी.एफ. काढून गाडी घेणे, हे मला तरी पटत नाही. खाते ट्रान्स्फर होते.

वयाचा फरक किती पडतो? आठ टक्के व्याज धरून पंचविशीपासून महिना पाच हजार टाकले तर साठीला सुमारे एक कोटी पंधरा लाख होतात. चाळिशीला सुरुवात केली तर साडेएकोणतीस लाख. तोच कोटीचा आकडा गाठायला चाळिशीवाल्याला महिना साडेएकोणीस हजार लागतील. पण कोटीला भुलू नका. सहा टक्के महागाईने बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. अठ्ठेचाळिशीला पन्नास हजारांत चालणारे घर साठीला लाख मागेल.

भगिनींना एक विनंती. घरी गेल्यावर दोनच गोष्टी विचारा : नॉमिनी कोण, आणि तुमच्या माघारी मला दरमहा किती? ॲन्युइटी अनेक प्रकारची असते. काहींत पत्नीला पुढे मिळत राहते, काहींत तिथेच थांबते. दरमहा थोडी जास्त रक्कम मिळते म्हणून दुसरा प्रकार निवडणारे लोक आहेत. फॉर्म भरताना पत्नी शेजारी हवी.

कोणाला आपापला हिशेब मांडायचा असेल तर आरतीनंतर मी इथेच आहे. पासबुक आणा, पेन्सिल माझ्याकडे आहे. गणपती बाप्पा मोरया!